बाकी उरली सेहेचाळीस

लॅबमध्ये सगळे तिला धाकटी म्हणत, पण तोरा थोरलीचा. असणारच हो! मातीत विरून जाणारं प्लास्टिक केलं होतं तिनं, तेही स्वतः शोधलेल्या पिवळ्या पुडीनं. प्लास्टिक म्हणजे रेणूंची लांब साखळी; इतरांना ती सुरू करून द्यायला स्पिरिटबिरिट काहीतरी घालावं लागतं. हिची पूड म्हणे एकटीच सुरू करते. या एका दाव्यावर अख्खा प्रबंध उभा होता आणि परवा तोंडी परीक्षा.

परीक्षकांनी ऐनवेळी मास स्पेक्ट्रोमीटरचा आलेख मागितला, म्हणून ती नमुना घेऊन यंत्रवाल्या काकांकडे गेली. ते यंत्र एकेका साखळीचं वजन सांगतं. एक कडी बहात्तरची. सगळ्या कड्या वजा करून जे उरतं, ते साखळी ज्यानं सुरू केली त्याचं वजन.

"तुझी पूड केवढ्याची गं?" काकांनी चष्मा वर सारला.

"तीनशे दहा."

"मग हे सेहेचाळीस कुणाचे?"

धाकटीनं मनात आकडे जुळवले. सेहेचाळीस हे तर स्पिरिटचं वजन! अहो, पण स्पिरिट तिनं घातलंच कधी? ती धावतच लॅबमध्ये आली. सिंकपाशी लॅबच्या कामवाल्या मावशी तिचे फ्लास्क धूत होत्या. धुऊन झालेल्या फ्लास्कात त्यांनी पिचकारीच्या बाटलीतून काहीतरी सोडलं, खळबळलं आणि ओतून दिलं.

"मावशी, हे काय?"

"शेवटचा हात स्पिरिटचा. लवकर वाळतं. पाण्याचा थेंब दिसला तर याद राखा, असं तूच ओरडली नव्हतीस का? त्याला दोन वर्षं झाली बघ. तेव्हापासून तुझं एक भांडं सोडलेलं नाही मी."

धाकटीनं एक फ्लास्क स्वतः धुतला, ओव्हनमध्ये कोरडा ठणठणीत केला, प्लास्टिकचा कच्चा माल भरला, पिवळी पूड टाकली. एरवी अर्ध्या तासात काचेची कांडी वर उचलली की लांब तार निघायची. आज तीन तास झाले तरी माल पाण्यासारखा पातळ. पूड ढिम्म!

तिनं गाईड सरांना फोन लावला. "सर, परवाची परीक्षा थांबवा. माझी पूड साखळी सुरूच करत नाही, फ्लास्कात राहिलेलं स्पिरिट करतं." पलीकडे सर नुसतेच "काय? काय?" करत राहिले.

मावशी हात पुसत जवळ आल्या. चेहरा पार उतरलेला.

"माझं काही चुकलं का गं?"

"नाही मावशी," धाकटीला हुंदका आवरेना. "ते प्लास्टिक तुम्हीच करत होतात. माझ्यानं ते कधी झालंच नव्हतं."