त्रास द्यायचा नाही

डॉक्टर खेड्यात का टिकत नाहीत, या प्रश्नावर माझं अर्धं आयुष्य गेलं. नागपूरच्या एका मेडिकल कॉलेजात शिकवते, सक्तीची खेड्यातली सेवा करून परतलेल्या पोरापोरींना गाठून कारणं विचारते, निबंध छापते. परिषदांमध्ये माझं एक वाक्य ठरलेलं असतं: गाव डॉक्टरला आपलं मानत नाही. ते मी कुठल्या पुस्तकातून उचललेलं नाही. तुमसरहून जाताना बपेऱ्याच्या अलीकडे एक फाटा फुटतो, त्या फाट्यावरच्या गावात माझं स्वतःचं सक्तीचं वर्ष गेलं होतं.

दवाखान्यामागे तलाव, खिडकीशी मोहाचं झाड. सकाळी दार उघडावं तर उंबऱ्यावर कुणीतरी शिंगाडे ठेवून गेलेलं, कधी तलावातली मासळी, कधी चिन्नोर जातीचे नवे तांदूळ. त्या भाताचा वास आता नागपुरात कितीही पैसे टाकले तरी येत नाही. शेजारच्या शकुबाई रोज संध्याकाळी वरण घेऊन येत आणि मी पोटभर जेवेपर्यंत हलत नसत. इतकी माया मला पुढे कुठेही मिळाली नाही. फक्त पेशंट येत नसत. साप चावला, बाळंतीण अडली तर धावत यायचे. साधा ताप, खोकला, खरूज घेऊन कुणीच नाही. मी आपली खुर्चीत बसून माश्या मारायची. लोक माझ्या डोळ्यांदेखत खोकत खोकत तुमसरच्या गाडीकडे जात आणि वर हसून नमस्कार करत. गाव मला खाऊ घालतं, पण नाडी दाखवत नाही, हे मला फार लागलं. वर्ष संपलं त्याच दिवशी बॅग उचलली. पुढे पेशंट तपासणंच सुटलं, नुसती कारणं शोधत बसले.

परवा त्याच दवाखान्यात कामिनीची मुलाखत घ्यायला गेले. मोठी तरतरीत मुलगी. तिचं सक्तीचं वर्ष महिनाअखेर संपतंय. पुढेही राहायची परवानगी तिला मिळत होती, घरच्यांचीही ना नव्हती, तरी ती निघायच्या तयारीत होती. का, म्हणून विचारलं.

"मॅडम, जेवायला घालतात, पण दाखवायला येत नाहीत. मग मी इथे कशाला?"

मी लिहून घेतलं. माझंच म्हणणं खरं ठरत होतं आणि मला त्याचा काडीचाही आनंद होत नव्हता.

निघताना शकुबाईंकडे डोकावले. पार थकल्या आहेत, पण त्यांनी मला आवाजावरून ओळखलं, आणि आधी काय केलं तर ताट वाढलं. वाढून उठताना गुडघा धरून कळवळल्या. दवाखाना अंगणापलीकडे आहे, मग कामिनीला का दाखवत नाही, असं मी जरा चिडूनच विचारलं.

"त्या पोरीले कायले तरास द्याचा?" शकुबाई म्हणाल्या. "तुमच्या पैलेचा डाक्टर आमच्यापायीच पळून गेला. रातीबेराती जाऊन उठवत होतो त्याले, धड जेवू देत नव्हतो. मंग गावानं बसून ठरवलं, आता जो येईन त्याले जपाचं. लहानसहान दुखनं असन त तुमसरले जाचं. तुमालेबी तसंच जपलं. तरी तुमी गेल्याच."

रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि राग कुणावर काढावा ते कळत नव्हतं. गाव जीव लावत होतं आणि मी त्यालाच नकार समजून परिषदांमध्ये टाळ्या घेत होते.

हात धुऊन मी शकुबाईंना सांगितलं, जपणं पुरे झालं, आता त्या पोरीला त्रास द्या. नाहीतर तीही जाणार. त्यांना काही पटेना. शेवटी हाताला धरूनच नेलं. वाटेत तलावाची मासळी राखणारे भय्याजी भेटले. कुठे निघालात विचारलं आणि ऐकून, हात खाजवत, तेही मागे आले. त्यांची खरूज म्हणे दिवाळीपासूनची. त्यांना पाहून आणखी दोघीतिघी निघाल्या. कामिनी गडबडीने खुर्चीतून उठली. थोड्या वेळात तिला मान वर करायला फुरसत राहिली नाही.

भय्याजींना मलम देता देता तिने हळूच विचारलं, उद्याही असेच याल का.

"तुमाले चालत असन त," भय्याजी म्हणाले.

"चालेल," कामिनी म्हणाली.

शकुबाई मात्र बाकावर माझ्याशेजारीच बसून होत्या, येईल त्याला पुढे सोडत. तुमचा नंबर कधी, असं मी विचारलं. त्यांनी पदर सावरला आणि मनगट माझ्यापुढे केलं.

"गुडघा तिले दाखवीन. पन हे छातीतलं धडधडनं तुमच्याच वक्तापासून हाय. तुमाले दाखवाचं राहून गेलं होतं."

मी उठून कामिनीकडे स्टेथोस्कोप मागितला.