दाढेचा दर

"पैसा कुठे जातो हे ज्याला कळलं, त्याला स्वतःचा आत्मा कळला," असं देवदत्तने २०२०च्या ऑगस्टमध्ये, आयर्लंडमधल्या नावन गावी, आपल्या घरात, जेवणाच्या टेबलावरून जाहीर केलं. मग उठला आणि आई आत असतानाच बाथरूमचा दिवा बंद करून आला.

त्याने एक्सेल उघडलं. प्रत्येक खर्चापुढे तीन रकाने: युरो, रुपये, आणि 'गरज की सवय'. आठ वर्षं इथल्या औषध कंपनीत उत्तम पगार घेऊनही तो प्रत्येक गोष्टीला अठ्ठ्याऐंशीने गुणायचा. दोन महिन्यांसाठी आलेली आई, स्नेहलताबाई, विमानं बंद झाल्याने सहा महिने अडकली होती. तिचा खर्च त्याने 'सवय'मध्ये टाकला.

त्यात तिची दाढ दुखायला लागली. डेंटिस्टने फोनवर एकशे दहा युरो सांगितले.

"नऊ हजार सहाशे ऐंशी!" देवदत्त किंचाळला. "आई, कोथरूडला सहाशेत काढतात. विमान सुरू झालं की पहिलं काम तेच."

"हो रे. दाढ काय पळून जातेय?"

त्याच्या बायकोने, योगिनीने, गुपचूप अपॉइंटमेंट घेतली. वीस युरोंचं डिपॉझिट बँकेच्या ॲपवर दिसताच देवदत्तने फोन करून ती रद्द केली. पलीकडची बाई "ग्रँड" म्हणाली, म्हणजे इथल्या भाषेत 'काही हरकत नाही'.

"लाज नाही वाटत?" योगिनीने विचारलं.

"डिपॉझिट परत मिळालंय."

महिनाअखेरीस त्याने दोघींना लॅपटॉपसमोर बसवलं. पोळ्या, बदाम, सफरचंदं. आलेखात आईच्या तिन्ही रेषा घसरगुंडीसारख्या खाली आलेल्या.

"बघ आई, नुसत्या नोंदी ठेवल्या तर माणूस किती सुधारतो! बदाम शून्य!"

आईने सुजलेल्या गालाने मान डोलावली.

"अरे, चावता येत नाहीये त्यांना! तीन आठवडे पेजेवर आहेत!"

"कारण काही का असेना, सवय लागली ना?"

आई उठून स्वयंपाकघरात गेली. ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला, मग एक हुंदका, मग नळ. ती परत आली तेव्हा तोंडाला टॉवेल होता आणि हातात पातेली उतरवायची पक्कड. बरेच दिवस हलत असलेली दाढ तिने लॅपटॉपशेजारी ठेवली.

"शून्य लिही," ती टॉवेलातून म्हणाली.

योगिनी गाडीची किल्ली शोधायला धावली. देवदत्त दाढेकडे बघत राहिला. त्याचे डोळे भरून आले. त्याने नवीन ओळ उघडली, 'बचत' असं लिहिलं, पुढे नऊ हजार सहाशे ऐंशी, आणि आकडा ठळक केला.

"शाब्बास, आई," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "तुला जमतं बघ!"

आईने टॉवेलची घडी बदलली. पहिली पूर्ण लाल झाली होती.

"देवा," ती म्हणाली, "गुळण्यांना चिमूटभर मीठ घेऊ का रे?"