पिलरवरची तीन बोटं

फ्रिजवर लावायचं आंब्याच्या आकाराचं चुंबक, जुन्या बनियनच्या चिंधीत गुंडाळलेलं.

सांज्याच्या पोळ्यांचा स्टीलचा डबा. झाकण एका बाजूनं चेपलेलं. आता त्यात स्क्रू असतात.

कपाळावर भस्माचे तीन पट्टे.

टण. टण. टण. ठप.

बेंबळीत राजशेखरच्या दारात पांढरी गाडी उभी होती आणि अणदूरचा शांतलिंगअप्पा तिच्याभोवती फिरत होता. चाळीस वर्षं त्यानं डेंटिंग-पेंटिंग केलं आणि नजर अधू झाली तसं गॅरेज बंद केलं. पण कुणी जुनी गाडी घ्यायला निघालं, की आधी अप्पाला उचलून न्यायचं आणि मगच व्यवहाराचं बोलायचं, असा आसपासच्या गावांत रिवाजच पडून गेला होता. आज त्याला तामलवाडीच्या बलभीमनं आणलं होतं. बलभीमची पोरगी समृद्धी तुळजापुरात दवाखान्यात लागली होती. रोज हायवेनं जायचं-यायचं, म्हणून गाडी.

“बघा अप्पा, निवांत बघा,” राजशेखर म्हणाला. “माझ्याकडं चार वर्षं हाय. एक ओरखडा न्हाय.”

“पोरगी गोरी हाय खरी,” बलभीम हसला, “पण पावडर किती, ते अप्पाच सांगतील.”

अप्पा बोटाच्या पेरानं पत्रा ठोकत गेला. उजवी बाजू खणखणीत. डावीकडचं पुढचं दार उघडून त्यानं दोन दारांमधल्या पिलरवर ठोकलं. ठप. चिंधीतलं चुंबक लावून पाहिलं, तर ते घसरून त्याच्या पायाशी पडलं. आत पत्रा कमी, लांबी म्हणजे पुट्टीच जास्त. भरलेली, घासलेली, वर रंग चढवलेली. काम मात्र देखणं होतं. हात कुणाचा असंल, असं मनाशी म्हणत त्यानं पिलरवरचं प्लास्टिकचं कव्हर नखानं सैल केलं आणि डोळे अगदी जवळ नेले.

आत करड्या प्रायमरचे तीन आडवे पट्टे होते.

ही त्याच्या वडिलांची रीत. काम झाकायच्या आधी आतल्या पत्र्यावर तीन बोटं ओढायची, कपाळावर ओढतो तशी. जिल्ह्यात दुसरं कुणी असं करत नव्हतं.

नऊ वर्षांपूर्वी एक एजंट ही गाडी टोचन लावून त्याच्या गॅरेजात घेऊन आला होता. ट्रकनं डावी बाजू आत दाबलेली. “मार असा झाका अप्पा, की गाडीच्या आईला कळू नये.” पिलर नवा बसवायला हवा होता. अप्पानं जुनाच ओढला, जोडला, लांबीनं भरला. डाव्या सीटखाली एक डबा सापडला, तेव्हा एजंट म्हणाला, “ठेवा तुमालाच. आता मागायला कोण येतंय?”

“काय म्हणती गाडी?” बलभीमनं विचारलं.

अप्पानं कव्हर दाबून परत बसवलं. “नको घेऊ.”

“का? मार हाय का कुठं?”

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण दोघंही त्याच्याकडं देवाच्या कौलाकडं बघावं तसे बघत होते. त्यांच्यापुढं ‘हे माझंच काम’ म्हणायला अप्पाची जीभ उचलेना.

“मार न्हाय. मन भरंना, बस.”

अणदूरला उतरवताना बलभीम म्हणाला, “वय झालं अप्पा तुमचं.”

पंधरा दिवसांनी तीच गाडी अणदूरच्या खंडोबाच्या देवळापुढं उभी. बॉनेटवर भंडारा, चाकांखाली लिंबं.

“मार न्हाय म्हणालाव ना?” बलभीम खुशीत होता. “मग घेतली!”

समृद्धीनं अप्पाच्या तळहातावर पेढा ठेवला, हाताला धरून त्याला डाव्या सीटवर बसवलं. “पहिली चक्कर तुमाला, अप्पा. तुमी तपासल्याली गाडी हाय.”

बलभीम नारळ फोडायला मागं थांबला. गाडी हायवेला लागली. पेढा अप्पाच्या मुठीत तसाच. खांद्याला खेटून तो पिलर. शेजारून ट्रक सुसाटला आणि अप्पाचा हात आपोआप पिलरवर गेला, जणू तो धरून ठेवल्यानं टिकणार होता.

“थांबव, पोरी.”

कडेला गाडी थांबल्यावर त्यानं कव्हर काढून दाखवलं. सगळं सांगितलं, डब्याचंसुद्धा. समृद्धीनं वाकून पट्ट्यांवर आपली तीन बोटं ठेवून पाहिली. पट्टे रुंद होते, तिची बोटं बारीक.

“आबांनी इचारलं तवाच का न्हाय सांगितलं?”

“लाज वाटली.”

“ह्या सीटवर उद्या माझी आई बसणार होती, अप्पा.”

तिनं त्याला उतरवून मागं, उजव्या बाजूला बसवलं. गाडी वळवली आणि देवळापर्यंत काटा वीसच्या वर जाऊ दिला नाही. पेढ्याचा मुठीत लगदा झाला होता.

डबा जिचा होता, ती बाई ट्रकच्या त्या धडकेत गेली तेव्हा एकतीस वर्षांची होती.