पात्यावरची अक्षरं

मदन शेठनी नख खाचेत घालून पातं उघडलं. टक्क आवाज झाला. स्प्रिंग अजून ताठ होती. खिडकीच्या उजेडात पात्याच्या मुळाशी भिंग धरलं, तेव्हा दर खंडेनवमीला चिंच लावून, राखेनं घासून झिजलेली इंग्रजी अक्षरं वर आली. स्टेनलेस. त्याखाली जपान.

पुढचं बघायची गरज नव्हती. महायुद्ध संपल्यावर परदेशी बाजारात विकायला जपाननं असे इंग्रजी छापाचे घडीचे चाकू ढिगानं बनवले. मदन शेठच्या कपाटातला एक खण असल्याच चाकूंनी भरला होता. लढाईतल्या शिपायाच्या खिशात हा असूच शकत नव्हता.

समोर जोतीराम आबा सोफ्याच्या कडेवर अंग चोरून बसले होते. वय ऐंशीच्या पुढं. कॉलेजात मदन शेठच्या चाकूंचं प्रदर्शन भरलं होतं, त्याची बातमी वाचून ते पाटणकडून एसटीनं विश्रामबागेत शेठच्या घरी आले होते. त्यांचे वडील ब्रह्मदेशच्या लढाईत पडले, तेव्हा आबा रांगत होते. पुढं ते शाळेत जायला लागले तेव्हा पलटणीतल्या एकानं हा चाकू घरी आणून दिला. तुझ्या बानं जपान्याला मारून घेतला, असं सांगून.

तो पलटणवाला बिचारा रिकाम्या हातानं कसा यायचा, म्हणून वाटेत कुठल्या तरी दुकानात घेतला असणार, मदन शेठच्या मनात आलं.

"शेठ, ह्यो खरंच त्या जपान्याचा हाय का? जे असंल त्ये सांगा."

जन्म चाकू गोळा करण्यात गेलेला माणूस. आपली वस्तू बाजारातली आहे हे ऐकायला कुणी एवढा प्रवास करत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. बापाची एवढी एकच खूण, ती कशाला हिरावून घ्यायची?

"खरा आहे, आबा," ते म्हणाले. "लढाईतलाच."

आबांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि मान खाली घातली.

त्रिशलाबाई चहा घेऊन आल्या. कांदाही घरात न आणणाऱ्या जैनाच्या घरी हत्यारांची कपाटं, अशी नवऱ्याची थट्टा पाहुण्यासमोर करायची त्यांची सवय होती. आज आबांचं तोंड बघून त्यांनी ती केली नाही.

"बरं न्हाई का वाटत?" त्यांनी विचारलं.

"तसं न्हाई, ताई." आबांनी कप उचलला आणि न पिताच खाली ठेवला. "मरणाऱ्याच्या हातातनं वढून घेतल्याली वस्तू. त्येचा तळतळाट घरात आला. माझा पोरगा उदयसिंह पलटणीतनं सुटीवर येताना गेला. त्येचा थोरला मोटरसायकलीवरनं. चाळिशी कुणी बघितली न्हाई. आता धाकटा नातू साईराज राह्यलाय, त्येलाबी पलटणीचं बोलावणं आलंय. गावातलं मास्तर म्हणालं, दावून तर बघा, बाजारातलाबी असंल. म्हटलं, तसं निघालं तर बरं हुईल."

कसली अवदसा आठवली आणि शहाणपण करायला गेलो, असं मदन शेठना झालं.

"आबा, मी खोटं बोललो. हा चाकू दुकानातलाच आहे. लढाई संपल्यावर बनलेला. तुमच्या वडलांनी तो बघितलासुद्धा नसेल. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मघाशी तसं म्हणालो."

आबा त्यांच्याकडे मायेनं बघत राहिले.

"मन राखू नगा, शेठ. तुमी आदी म्हणाला त्येच खरं."

"मन राखायला मघाशी बोललो होतो. आईशप्पथ सांगतो, आबा. हे बघा, पात्यावर लिहिलंय." त्यांनी भिंग आणि चाकू आबांच्या हातात कोंबला.

आबांनी भिंग डोळ्याशी नेलं. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, तरी ते बराच वेळ बघत राहिले.

"काय लिवलंय?"

मदन शेठनी बायकोकडं बघितलं. मग खाली बघितलं.

"जपान," ते म्हणाले.

आबांनी मान हलवली. पातं अंगठ्यानं हळूच मिटलं, चाकू फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवला आणि पाटणची गाडी किती वाजता, ते त्रिशलाबाईंना विचारलं.