दांड्यावरचा अंगठा

गिऱ्हाइकाकडून परत आलेली पेटी प्रज्वलने मुमताजच्या टेबलावरच उघडली. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक लिफ्टमध्ये बसणारे बोटाएवढे स्टीलचे दांडे. आरशासारखे चकचकीत असायला हवेत, पण अकरा दांड्यांवर तांबूस डाग होते.

"ताई, तेल लावता ना?"

"बुडवूनच काढते."

"मग गंज कुठून आला? पिशवी तुम्हीच बंद करता. शेवटचा हात तुमचा."

प्रज्वल क्वालिटीचा साहेब होता, वयाने मुमताजच्या भाच्याएवढा. चाकणच्या या लहानशा कारखान्यात ती सहा वर्षं पॅकिंग करत होती. दुसऱ्या दिवशी नाशिक फाट्यावर कंपनीच्या बसमध्ये चढली, तर रोज जागा धरून ठेवणारी दिव्या खिडकीबाहेर बघत बसली होती. शेजारच्या सीटवर पिशवी ठेवलेली.

त्या दुपारी मुमताजने एक गंजका दांडा उजेडात धरला. डागात बारीक गोल रेघा होत्या. अंगठा! तिने आपला अंगठा त्यावर ठेवून पाहिला. डाग चांगलाच रुंद होता आणि मधोमध एक तिरकी चीर होती.

मग चार दिवस ती माणसांचे हातच बघत राहिली. चहाचा कप धरणारे, रजिस्टरवर सही करणारे, डबा उघडणारे. ही मुद्दाम करत असेल का? की तो? हसून बोलणाऱ्यांचा तर जास्तच संशय यायचा.

पाचव्या दिवशी आबाजी तिच्याशेजारी हात धूत होते. चाकणचेच, साठीला आलेले. तपासणीचं काम त्यांचं. दांड्यावर ओरखडा आहे का, हे ते उघड्या अंगठ्याने चाचपून सांगत. हातमोजे घातले की काही कळत नाही, म्हणत. त्या अंगठ्यावर तिरका वण होता.

"आबा, हा वण कशाचा?"

"का गं? कुणी इचारायला लावलं?"

तिने खिशातला दांडा पुढे केला. आबाजींनी पाहिला आणि त्यांचा चेहरा कठीण झाला.

"माझ्यावर ढकलतीस व्हय?"

"कोणाला बोलले नाही अजून. आधी तुम्हालाच सांगते आहे."

"प्रज्वलनं पाठवलंय तुला," म्हणून ते तरातरा निघून गेले.

शनिवारी प्रज्वलने तिच्यापुढे कागद ठेवला. निष्काळजीपणा झाला, असं कबूल करून सही करायची होती. मुमताजने पेन हातात घेतलं नाही.

"आधी सगळ्यांचे अंगठे स्वच्छ दांड्यांवर घ्या. माझाही घ्या. ओल्या फडक्यात सोमवारपर्यंत ठेवा. मग सही मागा."

सगळ्यांनी अंगठे दिले. आबाजींनी शेवटी दिला, तिच्याकडे न बघता.

सोमवारी फडकं सोडलं. नऊ दांड्यांवर जेमतेम काही दिसत होतं. दहाव्यावर अख्खा अंगठा तांबडा उमटला होता, चिरेसकट.

"काहींच्या घामात खार जास्त असतो," प्रज्वल हळू आवाजात म्हणाला. "वरून तेल लावलं की तो आतच अडकतो."

"म्हंजी माझा घामच चोर?" आबाजी म्हणाले. कोणी हसलं नाही.

प्रज्वल त्यांना तपासणीवरून काढून गेटवर राखणीला बसवायला निघाला होता. मुमताजच मध्ये बोलली. "आबांनी तपासल्यावर दांडे एकदा धुवून मग तेल लावू. त्यांच्यासारखा ओरखडा कोणाला सापडतो?"

प्रज्वलने तसं करून बघायला महिनाभराची मुदत दिली. तो कबुलीचा कागद त्याने घडी करून खिशात ठेवला. फाडला मात्र नाही, हे तिने पाहिलं.

आता ती दांडे धुते तेव्हा आबाजी दोन पावलांवर येऊन उभे राहतात.

"नीट धुतीस नव्हं?"

"बघा की तुम्हीच."

ते वाकून बघतात, हात पाठीमागे बांधून. प्रत्येक दांडा बघतात.