बसून जायचं राहिलं

"बाई, बॉडी कुठं उतरवायची? इथं फाट्यावर एकजण म्हणतोय, गाडी सरळ स्मशानात घ्या. मी मुंबईपासून चालवत आलोय, मला एक काय ते सांगा."

मंगलने फोन दुसऱ्या कानाला लावला. ड्रायव्हरच्या मागे नांदूरघाटच्या फाट्यावरून बोलणारा आवाज तिला ओळखू येत होता. तो तिचा भाया होता, नवऱ्याचा थोरला भाऊ त्रिंबक.

"कागदावर कुनाचं नाव हाय?" तिने विचारलं.

"तुमचंच. तुमची सही झाल्याशिवाय मला पेटी सोडता येत नाही."

"मग घरी आना. पेटी घरात टेकली की सही करते."

तिने फोन ठेवला. घरात जमलेल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. दोघा भावांच्या सामाईक दारात मांडव उभा होता. परवा त्रिंबकच्या लेकीचं, धनश्रीचं लग्न होतं, आणि त्याच दारात आज मंगलच्या नवऱ्याची, परमेश्वरची पेटी येणार होती.

परमेश्वरला मरून सत्तेचाळीस दिवस झाले होते. हातातला कोयता सुटावा, बायकोच्या डोक्यावरची उसाची मोळी उतरावी, म्हणून तो मस्कतला गेला होता. बांधकामावर भर उन्हात पडला आणि गेला, एवढंच फोनवर कळलं. पुढं कंपनी कागद मागत राहिली, कागद शिक्का मागत राहिला, आणि शिक्का ज्याच्या खणात होता तो साहेब सुट्टीवर. तालुक्याचा पुढारी दारात येऊन मंगलसोबत फोटो काढून गेला. फोटोत तो तिच्यापेक्षा जास्त दुःखी दिसत होता.

पंधराव्या दिवशी भावकी बसली. लग्नाच्या पत्रिका छापून झाल्या होत्या, सुतक फिटायला पाहिजे होतं. गुरुजींनी वाट काढली. माणूस येत नसला तर कणकेचा पुतळा करायचा आणि त्याला डाग द्यायचा. मंगलला कुणी विचारलं नाही. परमेश्वर तिकडं बर्फात पडलेला आणि इकडं त्याच्या नावाची पाच किलो कणीक जळाली. त्या कणकेसाठी मंगलच्या बांगड्या फोडल्या. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही. दोन तास वाट बघून शेवटी दर्भाचा कावळा करून तो पिंडाला शिववला. भावकीपेक्षा कावळ्याला अक्कल होती.

गाडीच्या आधी त्रिंबकची मोटारसायकल आली.

"मंगल, त्याचं समदं करून झालंय. दहावा झाला, तेरावा झाला. एका मानसाला दोनदा डाग देत न्हाईत. आता पेटी दारात आली की पुन्ना सुतक. पाव्हन्यांना मी काय तोंड दाखवू?"

"डाग कनकीला दिलाय, दादा. त्यांना न्हाई."

"लाकडं रचून ठिवलीत. मानसं उन्हात खोळंबलीत. सही तिथंच कर की."

"न्हाई."

"कावून पन?"

मंगल उंबऱ्याकडे बघत बोलली. "जाताना ह्या उंबऱ्याला ठेचाळले ते. मी म्हनलं, मागं फिरा, घडीभर बसून जा. तर म्हनले, गाडी चुकंल. ते बसायचं ऱ्हायलंय."

त्रिंबक मांडवाच्या खांबापाशी जाऊन उभा राहिला.

"माझा एक मानूस पेटीला हात लावनार न्हाई. बघतो घरात कशी येती."

गाडी मांडवाच्या तोंडाशी येऊन थांबली. पुढं वाट नव्हती. ड्रायव्हरने मागचं दार उघडलं. फळ्यांची लांब पेटी, वर परक्या अक्षरातले कागद चिकटवलेले. "सहा तरी माणसं लागतील," तो म्हणाला आणि माणसं शोधू लागला. गावातले सगळे गडी स्मशानात लाकडांपाशी बसले होते. मांडवात नुसत्या बायका.

"मानसं कशाला पायजेत?" शेजारची चतुराबाई म्हणाली. वीस वर्षं टोळीत ऊस तोडलेली बाई. "रात्रीच्या दोनला, फळीवरून चढून गाड्या भरल्यात आमी. तवा कुनी इचारलं न्हाई बायकांना झेपंल का. चुंबळी आना गं."

परमेश्वरची आई सुभद्राबाई भिंतीला टेकून होती. पुतळा जळाला त्या दिवशीही ती अशीच टेकून बसली होती. ती उठली. दोरीवरचं जुनं लुगडं ओढून तिने फाडलं, तुकडे पिळून गोल चुंबळी वळल्या आणि पहिली सुनेच्या डोक्यावर ठेवली.

"आत्याबाई, तुमी बसा."

"त्याला नऊ महिने उचललाय मी. सरक."

धनश्री हळदीच्या हाताने वाटेतल्या खुर्च्या बाजूला ओढत होती.

"धनश्री, आत हो," त्रिंबक म्हणाला. तिने पुढची खुर्ची ओढली.

बायकांनी पेटी सरकवून डोक्यावर घेतली, तीन एका बाजूला, तीन दुसऱ्या. मंगल पुढं होती. बारा वर्षं परमेश्वरने मोळी उचलून तिच्या डोक्यावर दिली होती आणि दर वेळी 'धर' म्हणाला होता. तिची मान सवयीने क्षणभर त्या शब्दासाठी थांबली. मग तीच म्हणाली, "चला."

पावलं एकदम पडत गेली. मांडवाच्या मध्यावर लाल झालर खाली लोंबत होती, तिच्यात पेटीचा कोपरा अडकला. बायका थांबल्या. त्यांचे हात वर गुंतलेले. त्रिंबक खांबापाशी उभा होता. तो दुसरीकडेच बघत होता, पण त्याने हात वर केला आणि झालर उचलून धरली. शेवटची बाई पलीकडे जाईपर्यंत धरली.

उंबऱ्यापाशी मंगलने पाय उंच उचलला. "जपून," ती म्हणाली. ते मागच्या बायकांना होतं की पेटीतल्याला, कुणी विचारलं नाही.

पेटी घरात जमिनीवर टेकली. मंगल शेजारी बसली, मोकळं मनगट फळीवर ठेवून. सुभद्राबाईने तांब्याभर पाणी आणून पेटीच्या उशाला ठेवलं.

ड्रायव्हर दारात कागद आणि पेन घेऊन उभा होता. "ताई, सही."

"करते," मंगल म्हणाली. "घडीभर थांबा, भाऊ. आत्ताच बसलेत."

ड्रायव्हरने पेन खिशात ठेवलं, चपला काढल्या आणि तोही उंबऱ्याबाहेर खाली बसला.