पौषातला बेहडा

माझ्या बायकोचं, अंजूचं बाळंतपण पौषात आलं, म्हणून यंदा आम्ही ऊसतोडीला गेलो नाही. एरवी दिवाळी झाली की मानोऱ्याकडचा आमचा तांडा रिकामा होतो, म्हातारी माणसं तेवढी मागं राहतात. बारा वर्षांत पहिल्यांदाच मी हिवाळ्यात घरी होतो. बाळ-बाळंतिणीला दोन वेळा पाणी तापवायला सरपण हवं, म्हणून कुऱ्हाड घेऊन रानात निघालो. माझी याडी, म्हणजे आई, न बोलावता मागं आली.

रान पाहून मी चाटच पडलो. सागाची पानं पायाखाली पापडासारखी मोडत होती. कुड्याच्या शेंगा उकलून कापूस उडत होता. पळसाच्या काळ्या कळ्या नुकत्याच डोकं काढत होत्या. पाडव्यापासून दिवाळीपर्यंतचं रान मला पाठ. हे मात्र कुणा परक्याचं वाटलं.

ओढ्याजवळ एक मोठं झाड दिसलं. वर एक पान नाही. वाटलं, मेलंय, दोन महिन्यांची सोय झाली! ऊस तोडणाऱ्या हाताला धीर कुठला? मी कुऱ्हाड उगारली.

"थांब! जित्या झाडाले काहून मारून राह्यला?" याडी कडाडली.

"जितं कुठं? पान तरी हाये का?"

तिनं नखानं साल खरवडली. आत हिरवंगार, ओलं. मी कुऱ्हाड खाली ठेवली.

"बेहडा हाये हा. हिवाळ्यात असाच उघडा होते. तुमी पाडव्याले येता तवा पानं फुटलेली रायतात. तुले कसं माहीत असन?"

मग ती वाकून खाली पडलेली फळं पदरात वेचू लागली. म्हटलं, हे कायले?

"तुह्यासाठीच. फडातून खोकत येतं नं तू दरसाल."

पेटवलेल्या उसाची काजळी छातीत घेऊन मी येतो आणि याडी मधातून भुकटी चाटवते. आठ दिवसांत खोकला पळतो. ते औषध मानोऱ्याच्या दुकानातलं, अशी माझी समजूत! ज्यानं मला दरवर्षी बरं केलं त्याच्याच मुळावर मी उठलो होतो. मी बेहड्याला हात जोडले.

"याडी, तुहे लय उपकार हायेत माह्यावर," मी म्हणालो. जन्मात पहिल्यांदा.

"चल, येडा कुठला!" ती लाजली. सुक्या फांद्या कुठं पडल्यात ते तिनंच दाखवलं. मी मोळी बांधली.

"आता बाकीची झाडं दाखव मले."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "खरंच? बारा हिवाळे एकटी हिंडली मी इथं. कोनी इचारलंच नाही रे."

आणि म्हातारी अशी तरातरा पुढं निघाली, की मोळी डोक्यावर घेऊन मला तिच्यामागं धावावं लागलं.